ती जेवते तेव्हा मी बाहेर असतो

माझी मुलगी जेवायला बसली की मी उठतो आणि गॅलरीत जाऊन उभा राहतो. एप्रिलचं ऊन असो, घरात पाहुणे असोत, मी बाहेरच असतो. नवख्या माणसाला ते चमत्कारिक वाटतं. मागे नात्यातले एक मामा आले होते. ते म्हणाले, "पोरगी जेवतीय म्हणून बाप बाहेर, असं कुठं असतंय का?" मी फोन आल्याचं निमित्त सांगितलं. खरं कारण सांगायचं तर बरंच मागं जावं लागलं असतं, आणि त्या सांगण्यात मी काही चांगला दिसलो नसतो.

आमची खानावळ आहे. सोलापुरात, कॉलेजच्या मागच्या गल्लीत. खाली खानावळ आणि वरच्या दोन खोल्यांत आम्ही. वडिलांनी सुरू केली, माझं बी.कॉम. झाल्यावर मी तिच्यात उभा राहिलो आणि तिथंच राहिलो. ज्वारीची भाकरी, एक पातळ भाजी, एक सुकी, आमटी, भात आणि ताटाच्या कडेला शेंगाची चटणी. शेंगदाणे भाजून, लसूण आणि तिखट घालून, तेल सुटेपर्यंत उखळात कुटलेली. आमचे मेंबर म्हणजे बाहेरगावची मुलं, एकटे राहणारे नोकरदार आणि एसटीतले एक कंडक्टर, जे माझ्या वडिलांच्या वेळेपासून जेवताहेत. आग्रह हा आमच्या धंद्याचा भाग होता. कुणी ताटावर हात आडवा धरला तर मी हाताच्या बाजूनं वाढायचो. माझ्याकडे बसलेला माणूस अर्ध्यावर उठत नाही, हे मी चारचौघांत बोलून दाखवायचो. तेव्हा मला ते कौतुकाचं वाटायचं.

मुलगी दुसरीत असताना आजारी पडली. ताप येत होता आणि जात होता. नडग्यांवर निळसर डाग दिसायला लागले. बायको म्हणाली, "कुठं पडलीस गं?" तर तिला आठवेना. जिन्याच्या मधल्या पायरीवर ती बसून राहायची. मला वाटलं, शाळेचं दप्तर जड आहे. रक्त तपासलं, मग हाडातला मगज काढून तपासला, आणि ल्युकेमिया हा शब्द आमच्या घरात आला. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की लहान मुलांमधल्या या प्रकारात आशा चांगली असते, पण उपचार लांब चालतात आणि ते वेळच्या वेळी व्हावे लागतात. एक औषध लांबलं की पुढचं लांबतं. मुलीचं वजन सांभाळा, म्हणाले. अंगात ताकद राहिली तरच औषध सोसतं.

माझ्या डोक्यात एवढं एकच वाक्य राहिलं. वजन सांभाळा. मला वाटलं, इतर सगळं डॉक्टरांचं, पण हे काम माझं. जेवायला घालणं मला येतं.

रुग्णालयात आहाराचं सांगायला एक मॅडम होत्या, माझ्या बायकोपेक्षा वयानं लहान. त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. पाणी उकळून गार केलेलं. अन्न ताजं, गरम, शिजवल्यावर लगेच. कच्ची कोशिंबीर नको, बाहेरचं दही नको, उघड्यावरचं काही नको. अंडं पूर्ण उकडलेलं. फळ साल काढता येईल असंच, केळं, संत्रं. शेंगाच्या चटणीचं मी मुद्दाम विचारलं. त्या म्हणाल्या, "किती दिवस ठेवता?"

"आठ-पंधरा दिवस. खराब होत नाही ती."

"सध्या नको. कच्चा लसूण आहे, कुटलेली आहे, शिवाय हात लागतात. रक्तातल्या पेशी वाढल्या की बघू."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, या मला चटणी शिकवणार. तरीही सांगितलेलं सगळं पाळलं, हे मात्र खरं. वरच्या मजल्यावर वेगळी शेगडी घेतली, तिची भांडी वेगळी केली. खालच्या स्वयंपाकघरातला चमचासुद्धा वर जाऊ दिला नाही.

पहिला महिना माझ्या मनासारखा गेला. तिला स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या आणि तिची भूक अशी काही उसळली की आम्ही बघत राहिलो. उठल्या उठल्या उपमा, तो पचतो न पचतो तोच वरणभात, मग बटाट्याची भाजी. तोंडात घास असतानाच पुढचं काय ते विचारायची. गाल फुगले, चेहरा गोल झाला. मास्क लावून ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायची आणि खाली कुणाच्या ताटात काय आहे ते बघायची. कंडक्टर वर बघून म्हणायचे, "काय वो बाईसाहेब, आमच्यासाठी काय शिल्लक ठेवणार का न्हाय?"

"ठेवते की. आमटी ठेवते."

"आणि भाकरी?"

"भाकरी मी खाल्ली."

सगळे हसायचे. मीठ कमी, साखर कमी, तळलेलं नको, असं मॅडमनी बजावलं होतं. बायको तसं करत होती. मी मात्र प्रत्येक भेटीत मॅडमना सांगायचो की बघा, आमच्या हाताला चव आहे म्हणून जेवते. त्या एकदा म्हणाल्या, "काका, ही भूक औषधाची आहे. गोळ्या थांबल्या की जाईल. पुढच्या औषधांत उलट होतं. तेव्हा घाबरू नका आणि मागंही लागू नका."

मी ते ऐकलं नाही. म्हणजे कानानं ऐकलं.

गोळ्या थांबल्या आणि तिची भूक नळ बंद केल्यासारखी गेली. पुढची औषधं शिरेतून सुरू झाली. ती म्हणायची, पाणी लोखंडासारखं लागतंय. वरण लोखंडासारखं, केळं साबणासारखं. खाली फोडणी टाकली की वर तिला उलटी यायची. लसणाचा वास ज्या घराच्या भिंतींत बसलाय, त्या घरात ती नाकाला फ्रॉकची बाही लावून बसायची. मग तोंड आलं. ओठांच्या आतून, जिभेच्या कडेला, पार घशापर्यंत पांढरे फोड. थुंकी गिळतानाही डोळ्यांतून पाणी यायचं.

मी कामाला लागलो. गुरगुट्या भात, मुगाचं पातळ वरण, साबुदाण्याची खीर, नाचणीची पेज, अंड्याचा बलक भातात कुस्करून. सगळं गार करून, मिरची-मसाला न लावता. प्रत्येक घासाला मी मेंबराचं नाव द्यायचो. हा कंडक्टर काकांचा. हा चष्मेवाल्या दादाचा. हा पगार लांबलेल्या साहेबांचा. सुरुवातीला ती त्या नावांसाठी तोंड उघडायची. चष्मेवाला तिचा आवडता होता, त्याचा घास शेवटी ठेवायला लावायची. मग नावं ऐकूनही तोंड उघडेना. पुढं पुढं तोंड उघडायची पण गिळायची नाही. घास गालात धरून ठेवायची आणि मी हात धुवायला वळलो की न्हाणीघरात जाऊन थुंकायची. मला ते मोरीत दिसायचं. मी ते बायकोला सांगितलं नाही. पुढच्या वेळी हात धुवायला उठणंच बंद केलं. घास गिळेपर्यंत तिच्यासमोर बसून राहायचो.

या दिवसांत सासूबाई जेऊरहून आल्या. पिशवीत कडक भाकरी, नातीसाठी. महिनाभर टिकणारी, पापडासारखी वाळवलेली भाकरी. पोरगी पूर्वी ती चहात न बुडवता तशीच कडाकडा खायची. तिचं तोंड बघितलं आणि सासूबाईंनी पिशवीची गाठ पुन्हा मारली. त्यांचंही स्वतःचं मत होतंच. त्यांना शेळीचं दूध द्यायचं होतं, तेही न तापवता, धार काढल्या काढल्या. बायकोनं ते ठामपणे मोडून काढलं. पण मी भरवायला बसलो की त्या दारात उभ्या राहून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "जावईबापू, लेकराला जेवू घालताय का गोणी भरताय?"

"वजन उतरतंय तिचं."

"उतरू द्या की वाईच. लेकरू तुमच्याकडं बघून आधीच भेतंय. ताट दिसायच्या आधी."

"मग काय उपाशी ठेवू?"

"मी तसं कुटं म्हटलं? एवडंच म्हंते, जरा लांब बसा. लई जवळ बसताय तुमी."

मला राग आला. खानावळ चालवणाऱ्या माणसाला त्या शिकवत होत्या.

वजन उतरतच राहिलं. तपासणीला गेलं की काट्यावर ती उभी राहायची आणि मी आकड्याकडे बघायचो, तिच्याकडे नाही. डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. म्हणाले, असंच चाललं तर पुढचं औषध पुढं ढकलावं लागेल, आणि ते मला नकोय. तोंडातून पुरेसं जात नाही, तेव्हा नाकातून बारीक नळी घालू. तिच्यातून पोटात दूध, पातळ अन्न जाईल. तोंडाला आराम मिळेल. मॅडमही बाजूला होत्या. त्यांनी एक नळी हातात घेऊन दाखवली. शेवयांपेक्षा जराशी जाड.

मी म्हणालो, "नको. मी बघतो."

"काका, किती दिवस बघणार?"

"माझ्या हातानं खाते ती."

बायको फाइल घेऊन उठली. रिक्षात बोलली. "कुठं खाते? मोरीत काय असतं ते मलाही दिसतंय."

मी का नको म्हणालो, ते त्या दिवशी मी कुणाला सांगितलं नाही. आता सांगतो. माझे वडील गेले, त्याआधी त्यांच्या नाकात नळी होती. नळी घातली तेव्हा सगळे नातेवाईक भेटायला आले. आमच्याकडे नळी घातली म्हणजे लोक बघायला येतात आणि जाताना पायाला हात लावतात. माझ्या मनात नळीनंतर फक्त एकच गोष्ट होती. हे झालं अर्धं कारण, आणि ते सांगायला सोपं आहे. दुसरं अर्धं असं, की खानावळवाल्याची पोरगी नळीनं जेवते, हे गल्लीत कुणी म्हणावं ते मला सहन झालं नसतं. ती आजारी आहे हे लोकांनी म्हटलेलं मला चाललं. ती माझ्या हातचं खात नाही हे नको होतं. माझ्या लेकराचं औषध लांबणार होतं आणि मी माझ्या हाताच्या चवीची अब्रू धरून बसलो होतो.

पुढच्या आठवड्यातली ती दुपार. बायको औषधं आणायला गेली होती, सासूबाई खाली भाकऱ्या थापत होत्या. मी वाटीत भात घेऊन बसलो. तिनं दात घट्ट मिटले होते. मी नावं घेतली, गोष्ट सांगितली, रागावलो, हात जोडले. ती नुसती मान हलवत होती. उद्या काट्यावर उभं राहायचं होतं. मी डाव्या हाताचं बोट आणि अंगठा तिच्या दोन्ही गालांवर ठेवले आणि दाबले. वासराला औषध पाजताना दाबतात तसे. तोंड उघडलं. मी चमचा आत सारला.

ती ओरडली नाही. ओरडायला तोंड मोकळं नव्हतं. चमचा बाहेर काढला तेव्हा भाताला रक्त लागलं होतं. तिच्या पेशी तेव्हा कमी होत्या, त्यामुळे ते लवकर थांबेना. मी इकडंतिकडं कापड शोधत होतो. तिनं स्वतःच उशाजवळचा रुमाल घेतला, तोंडाला लावला आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. तिच्या गालांवर माझ्या बोटांचे ठसे उमटले होते. निळे डाग कसे येतात, ते आम्हाला तोवर चांगलं माहीत झालं होतं.

संध्याकाळी बायकोनं ते डाग बघितले. मी सांगितलं.  त्याच घटकेला ती मुलीला आणि मला घेऊन रुग्णालयात गेली. तिथं रक्त थांबवण्यासाठी पेशी चढवल्या आणि आम्ही दोन दिवस तिथंच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आहाराच्या मॅडम आल्या. पलंगाच्या कडेला बसल्या. मी खिडकीजवळ होतो. मुलगी त्यांना म्हणाली, "ती नळी घातली की दुखतं का?"

"घालताना थोडं. नाकात सुरसुर होते. पाणी पीत पीत घालतो आम्ही. मग नाही दुखत."

"मग खायला लागत नाही?"

"खावंसं वाटलं तर खायचं. नाही वाटलं तर नाही."

तिनं रुमालाची घडी घातली. मग म्हणाली, "मग पप्पा भरवणार नाहीत ना?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी बघितलं असतं तर मी काय केलं असतं, कुणास ठाऊक. त्या म्हणाल्या, "नाही. भरवणार नाहीत."

"मग घाला."

ज्या वस्तूला मी मरणाइतका घाबरत होतो, ती माझ्या मुलीनं माझ्या हातापेक्षा बरी म्हणून मागून घेतली. कागदावर सही करायला मी पुढं झालो. 

तोंड जरा बरं झालं, पेशी वर आल्या, तेव्हा पुन्हा जाऊन नळी घातली. ती घोट घोट पाणी पीत होती आणि सिस्टर हळूहळू नळी सरकवत होत्या. एकदा ओकारी आली, डोळे भरले आणि झालं. गालावर चिकटपट्टी लावली. आरशात बघून म्हणाली, "हत्ती." तिच्या आईला हसू आलं आणि रडूही.

घरी गेल्यावर नळीतून द्यायचं काम कुणी शिकायचं, असा प्रश्न आला. मी शिकतो म्हणालो. मॅडमनी शिकवलं. आधी साबणानं हात धुवायचे. डोकं उंच. नळी जागेवर आहे का ते तपासायचं. मग दट्ट्या काढलेल्या सिरिंजमध्ये दूध ओतायचं आणि सिरिंज उंच धरून ठेवायची. ते आपल्या वजनानं, आपल्या गतीनं खाली जातं. मी सवयीनं दट्ट्या बसवायला गेलो तर त्यांनी हात धरला. "ढकलायचं नाही, काका. नुसतं धरायचं."

रुग्णालयातून सांगितलेली पावडर, आणि मधून मधून घरचं. शिजवून, वाटून, दोनदा गाळून पातळ केलेलं. वरच्या शेगडीवर मी ते करायचो. एवढी वर्षं मोठमोठ्या पातेल्यांत स्वयंपाक केला, पण एका वाटीसाठी इतका जपून कधी केला नव्हता. हात उंच धरून मी उभा असायचो आणि ती टीव्ही बघत असायची. सुरुवातीला ती माझ्याशी बोलायची नाही. मग एके दिवशी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "आज काय आहे?"

"मुगाचं वरण आणि भात."

"कुणाचा?"

मला कळायला वेळ लागला. मग म्हटलं, "चष्मेवाल्या दादाचा."

"त्याला सांगा, त्याचं वरण माझ्या नाकातून गेलं."

मी खाली जाऊन सांगितलं. चष्मेवाल्यानं ताटातल्या वरणाकडे बघितलं आणि म्हणाला, "तिला विचारा, मीठ कमी होतं का?" गल्लीत कुणी काही म्हणालं असेल तर ते माझ्या कानावर आलं नाही. सासूबाईंनी फक्त एकदा विचारलं, "हे असं किती दिस?" बायको म्हणाली, "ती खायला लागेपर्यंत." "मग हाय की बरं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा भाकऱ्या थापायला लागल्या.

वजन थांबलं, मग चढायला लागलं. औषध फार लांबलं नाही. पुढचे महिने सरळ गेले असं नाही. ताप आले, पुन्हा भरती व्हावं लागलं, एकदा शिंकेबरोबर नळी बाहेर आली आणि पुन्हा घालावी लागली. पण काट्याकडे बघायची भीती कमी झाली.

मग एका दुपारी बायको म्हणाली, "तुम्ही खाली गेलात की ती खाते."

"काय खाते?"

"काल अर्धी इडली. आज बटाटा. तुमच्या चपलांचा आवाज आला की ताट बाजूला सारते."

मी म्हणालो, "मग मला सांगायचं नाहीस?"

"आता सांगितलं."

त्या दिवसापासून मी तिच्या जेवणाच्या वेळी वर येणं बंद केलं. आधी मला वाटलं, थोड्या दिवसांची गोष्ट आहे. नळी निघाली. केस आले. चटणीची परवानगी मिळाली, तेव्हा मी ताजी कुटली आणि वाटी बायकोच्या हातात देऊन खाली गेलो.

औषधं संपून आता वर्ष होऊन गेलं आहे. ती सहावीत आहे. कुणाच्याही हातून घास घेत नाही. वाढदिवसाला केक भरवायला कुणी हात पुढं केला की ती आपला तळवा पुढं करते, त्यात घेते आणि मग स्वतः खाते. देवळातला प्रसादही तसाच. लोकांना वाटतं, आजारपणामुळं स्वच्छतेची सवय लागली आहे. 

गेल्या दिवाळीत मी धीर करून तिला म्हणालो, "त्या दुपारी मी जे केलं ना बाळा, ते चुकलं माझं. फार चुकलं."

ती रांगोळीत रंग भरत होती. म्हणाली, "माहितीये."

ती अजून काही म्हणेल म्हणून मी थांबलो. तिनं एक पाकळी पूर्ण केली. मग म्हणाली, "मी जेवताना तुम्ही बाहेर थांबा फक्त."

म्हणून मी गॅलरीत उभा असतो. गल्लीत यंत्रमागांची खडखड असते, खाली खानावळीत वाढपाचा आवाज असतो. पाठीमागं पडदा ओढलेला असतो. सासूबाई अजून जेऊरहून कडक भाकरी पाठवतात, आणि ती तोडली की पडद्याआडूनही ऐकू येते. आधी हातानं मोडल्याचा आवाज, मग दातांखालचा. तोंडात एकही फोड असला तर ती भाकरी खाता येत नाही. मी आवाज ऐकतो आणि मोजत नाही.

मग नळ सुटतो. स्वतःचं ताट ती स्वतःच धुते. मी आत येतो तोवर ते धुऊन पालथं घातलेलं असतं, आणि त्यात काय उरलं होतं ते मला कळत नाही.